शब्द, अक्षर आणि निरोप : स्लाव भाषांतील ‘स्लोवो’चा अर्थेतिहास

१

एम.ए.च्या वर्गात मिखाईल बाख्तिन याची कादंबरीविषयक मांडणी शिकवीत असताना ‘कादंबरीतील चर्चाविश्व’ हा शब्दप्रयोग मी बरीच वर्षे निःशंकपणे करीत आलो. बाख्तिनने हा दीर्घ निबंध १९३४-३५ मध्ये लिहिला आणि तो पूर्ण रूपात १९७५ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. कॅरिल एमर्सन आणि मायकेल होल्क्विस्ट यांनी केलेल्या १९८१ च्या इंग्रजी अनुवादातून तो आपल्यापर्यंत पोचला. इंग्रजी शीर्षकात ‘डिस्कोर्स’ होते; ‘डिस्कोर्स’साठी मराठी समीक्षेत ‘चर्चाविश्व’ हा पर्याय तोवर रुळत आला होता; तेव्हा विचार करण्यासारखे काही आहे, असे वाटलेच नाही. पुढे एका विद्यार्थिनीने सहज विचारले, “सर, मूळ रशियन शब्द कोणता?” मला सांगता आले नाही. शोधल्यावर कळले, की मूळ शब्द अगदी साधा आहे : ‘स्लोवो’. कोणत्याही रशियन कोशात त्याचा पहिला अर्थ ‘शब्द’ असाच दिलेला असतो.

म्हणजे ज्या निबंधाचे नाव सरळ ‘कादंबरीतील शब्द’ असे होते, तो आपल्याकडे येईपर्यंत ‘कादंबरीतील चर्चाविश्व’ झाला होता. हा केवळ अनुवादकाच्या निवडीचा प्रश्न नाही. ‘स्लोवो’ हा शब्दच असा आहे, की त्याच्या सख्ख्या भाषाभगिनींमध्येदेखील त्याचा अर्थ एकसारखा राहिलेला नाही. मॉस्कोत तो ‘शब्द’ आहे, झाग्रेबमध्ये ‘अक्षर’ आहे, सोफियात ‘भाषण’ आहे, आणि ल्युब्लियानात चक्क ‘निरोप’ आहे. भाषेच्या मूलभूत घटकाला नाव देणाऱ्या शब्दाचीच अशी पांगापांग का व्हावी, आणि साहित्यविचाराच्या दृष्टीने तिला काही अर्थ आहे का, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. स्लाव भाषांचा मी अभ्यासक नाही. मराठीच्या अध्यापकाला आपल्याच एका चुकीपायी या वाटेला जावे लागले, एवढेच.

२

‘स्लोवो’ आपल्याला परका वाटावा असा शब्द नाही. वैदिक संस्कृतातील ‘श्रवस्’ आणि ग्रीकमधील ‘क्लेओस’ हे त्याचे सगोत्र. तिघांच्याही मुळाशी ऐकणे हा अर्थ असलेला, संस्कृतात ‘श्रु’ या रूपाने आढळणारा धातू आहे. नुसता धातूच समान आहे असे नाही, तर शब्दाची घडणही समान आहे. ‘श्रवस्’ जसा सकारान्त, तसाच जुन्या स्लावमधील ‘स्लोवो’. त्याची षष्ठी ‘स्लोवेसे’ आणि अनेकवचन ‘स्लोवेसा’ अशी होई. प्रथमेत लोपलेला हा ‘स’ विभक्तिरूपांत टिकून राहिला. चेकमध्ये क्रियापदाला ‘स्लोवेसो’ म्हणतात आणि रशियनमध्ये वाङ्मयाला ‘स्लोवेस्नोस्त’ म्हणतात, त्या शब्दांत तो आजही ऐकू येतो.

‘श्रवस्’ म्हणजे जे ऐकू येते ते. त्यावरून लोकांच्या कानी गेलेले नाव, कीर्ती. ग्रीक ‘क्लेओस’चा अर्थही कीर्ती हाच. ‘अक्षय कीर्ती’ या अर्थाची एकाच घडणीची जोडशब्दरचना वैदिक आणि होमरच्या काव्यात सापडते, हे आडाल्बेर्ट कून याने १८५३ मध्ये दाखवून दिले, आणि तुलनात्मक काव्यशास्त्राचा एक आरंभबिंदू म्हणून ते निरीक्षण आजही सांगितले जाते. स्लाव भाषांनी मात्र या वारशाची वाटणी केली. कीर्तीचा अर्थ त्याच धातूपासून झालेल्या ‘स्लावा’ या शब्दाकडे गेला, आणि ‘स्लोवो’कडे ‘जे बोलले गेले व ऐकले गेले ते’ हा अर्थ उरला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संस्कृतातील ‘वाच्’, ‘वचन’, ‘उक्ती’ हे शब्द बोलणाऱ्याच्या मुखाशी सुरू होतात. ‘स्लोवो’ ऐकणाऱ्याच्या कानाशी सुरू होतो. जो कोणी ऐकला नाही तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘स्लोवो’ नव्हेच. पुढे बाख्तिनपाशी पोचल्यावर या गोष्टीकडे पुन्हा वळावे लागेल.

‘स्लाव’ (जुने रूप ‘स्लोवेने’) हे लोकनामही ‘स्लोवो’पासून आले, म्हणजे ‘ज्यांचे बोलणे आपल्याला कळते ते आपण’ असा त्याचा अर्थ आहे, असे एक मत आहे. नदीच्या किंवा पाण्याच्या नावावरून ते आले असे दुसरे मत आहे. पहिल्या मताला बळ मिळते ते शेजाऱ्याच्या नावामुळे. जर्मन माणसाला रशियनमध्ये ‘न्येमेत्स’, पोलिशमध्ये ‘न्येमिएत्स’, चेकमध्ये ‘न्येमेत्स’ म्हणतात. त्याचे मूळ ‘मुका’ या विशेषणात आहे. ज्याचा शब्द आपल्याला ऐकू येतो पण कळत नाही, तो मुका! आपली भाषा तेवढीच वाणी आणि इतरांचा नुसता आवाज, ही समजूत जगात सर्वत्र आढळते. प्रश्न असा पडतो, की ‘आपल्यां’तल्याच कोणाचा शब्द कळेनासा झाला, तर त्याला काय म्हणावे?

३

आजची स्थिती प्रथम मांडू. रशियन, युक्रेनियन, बेलारूसी, पोलिश, चेक आणि स्लोवाक या भाषांत हा शब्द थोड्याफार उच्चारभेदाने ‘शब्द’ याच मुख्य अर्थाने वापरतात. बल्गेरियनमध्ये ‘स्लोवो’ म्हणजे समारंभातील भाषण, किंवा भारदस्त अर्थाने साहित्यिक वाणी. रोजच्या बोलण्यातला शब्द म्हणजे ‘दूमा’. क्रोएशियन आणि सर्बियनमध्ये ‘स्लोवो’ म्हणजे वर्णमालेतील अक्षर; शब्दाला क्रोएशियनमध्ये ‘रियेच’ आणि सर्बियनमध्ये ‘रेच’ म्हणतात. झाग्रेबमधल्या एखाद्या छापील अर्जावर ‘मोठ्या स्लोवांत लिहा’ अशा अर्थाची सूचना असते. ती मोठ्या अक्षरांविषयी आहे हे रशियन माणसाला प्रथमदर्शनी कळणार नाही, त्याला आपल्याकडून मोठमोठ्या शब्दांची अपेक्षा आहे असे वाटेल. मॅसेडोनियनमध्ये शब्दाला ‘झ्बोर’ म्हणतात. आणि स्लोवेनी भाषेत शब्द म्हणजे ‘बेसेदा’, अक्षर म्हणजे ‘च्रका’, तर ‘स्लोवो’ म्हणजे निरोप, विदाई.

फ्रान्स प्रेशेरेन (१८००-१८४९) हा स्लोवेनी भाषेचा श्रेष्ठ कवी. १८३० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका कवितेचे शीर्षक ‘स्लोवो ओद म्लादोस्ती’ असे आहे. यातला प्रत्येक शब्द रशियन वाचकाच्या ओळखीचा आहे, आणि तो त्याचा अर्थ ‘तारुण्याकडून आलेला शब्द’ असा लावील. कवीला मात्र ‘तारुण्याची घेतलेली रजा’ अभिप्रेत आहे. एका वाचनात तारुण्य बोलते आहे. दुसऱ्यात ते सोडून चालले आहे.

या शीर्षकाचा मराठी अनुवाद करू गेल्यावर मला एक गंमत आढळली. ‘तारुण्याचा निरोप’ असे म्हटले, की दोन्ही अर्थ उभे राहतात. मराठीत निरोप सांगतात, निरोप धाडतात, आणि निरोप घेतातही. संदेश आणि पाठवणी या दोन्हींसाठी आपल्यापाशी हा एकच शब्द आहे. स्लोवेनीतही ‘स्लोवो घेणे’ असाच वाक्प्रचार आहे. रशियन आणि स्लोवेनी यांच्यात जे अंतर पडले ते मराठीच्या एका शब्दात नांदते आहे. तेव्हा ‘शब्द’ आणि ‘विदाई’ हे अर्थ परस्परांपासून फार दूरचे नाहीत. निघताना जो बोलला जातो तो शब्द. त्या प्रसंगाशी तो इतका जखडला गेला की प्रसंगाचेच नाव झाला.

‘स्लोवो’ने आपली जागा सोडली तेव्हा ती रिकामी राहिली नाही. तेथे दुसरे शब्द आले, आणि ते ज्या जागांवरून आले तेथेही हालचाल झाली. क्रोएशियनमधील ‘रियेच’ (शब्द) हाच रशियनमधील ‘रेच’ आणि चेकमधील ‘र्झेच’; पण तेथे त्याचा अर्थ वाणी, बोलणे असा आहे. पोलिशमधील ‘झेच’ही तोच, मात्र तेथे त्याचा अर्थ ‘वस्तू’. स्लोवेनीतही ‘रेच’ म्हणजे वस्तूच. पोलंडच्या राज्याला ‘झेचपोस्पोलिता’ म्हणतात. लॅटिनमधील ‘सार्वजनिक गोष्ट’, म्हणजे प्रजासत्ताक, या पदाचे ते शब्दशः रूपांतर आहे. पण पोलिशमध्ये प्रवक्त्याला ‘झेचनिक’ म्हणतात, त्यात ‘बोलणे’ हा जुना अर्थ शिल्लक आहे. स्लोवेनीतील ‘बेसेदा’ (शब्द) रशियनमध्ये ‘संभाषण’ आहे आणि चेकमध्ये ‘बैठक, मेळावा’. तिची व्युत्पत्ती बहुतेक कोश ‘बाहेर बसणे’ अशी देतात, आणि तिच्या उत्तरार्धातील बसण्याचा धातू तोच, जो आपल्या ‘परिषद’ आणि ‘उपनिषद’ यांत आहे. मॅसेडोनियनचा ‘झ्बोर’ (शब्द) सर्बियनमध्ये ‘सभा’ आहे. बल्गेरियनची ‘दूमा’ (शब्द) रशियनमध्ये ‘गंभीर विचार’ आहे, १९०६ साली आणि पुन्हा १९९३ साली निवडून आलेली संसदही आहे. युक्रेनियनमध्ये ती कोब्झा वाजवून गाइलेल्या वीरकथागीताचा प्रकार आहे. आणि पोलिशमध्ये ‘अभिमान’ आहे.

मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही. संस्कृतातील ‘गोष्ठी’ म्हणजे सभा, सभेतले बोलणे. मराठीत तिची ‘गोष्ट’ झाली, आणि ती एकाच वेळी कथा आहे, बाब आहे, वस्तूही आहे. ‘बेसेदा’ आणि ‘झेच’ या दोघींचा प्रवास तिने एकटीने केला. ‘पदार्थ’ म्हणजे पदाचा अर्थ; पुढे त्या अर्थाने दर्शविलेली वस्तू; आणि मराठी स्वयंपाकघरात पोचेपर्यंत खाण्याचा जिन्नस. ज्याविषयी बोलायचे तेच बोलण्याच्या नावाने ओळखले जाऊ लागते, ही प्रवृत्ती सर्वच भाषांत दिसते.

४

अर्थबदलाला ध्वनिबदलासारखे नियम नसतात. पण परिस्थिती असते, आणि तिचा इतिहास सांगता येतो.

इ.स. ८६३ मध्ये मोरावियाचा राजा रास्तिस्लाव याच्या विनंतीवरून बायझंटाइन सम्राटाने कॉन्स्टंटाइन (पुढे सिरिल) आणि मेथोडियस या दोघा भावांना तिकडे पाठविले. त्यांनी स्लाव वाणीसाठी ग्लागोलिती लिपी सिद्ध केली आणि धर्मग्रंथांचे अनुवाद हाती घेतले. योहानाच्या शुभवर्तमानातील ‘लोगोस’ या ग्रीक संज्ञेसाठी त्यांनी ‘स्लोवो’ योजला. ‘लोगोस’ म्हणजे वाणी, विवेक, हिशेब, तत्त्व. या सगळ्याचा भार एका लौकिक शब्दावर आला. कानाने ऐकायचा शब्द आता सृष्टीच्या आधीचा झाला. ८८५ मध्ये मेथोडियस वारला. शिष्यांना मोराविया सोडावी लागली, आणि बल्गेरियात, विशेषतः ओख्रिद व प्रेस्लाव येथे, ही परंपरा वाढली. तेथून ती कीव्हकडे गेली. पूर्वेकडील चर्चच्या भाषेत ‘स्लोवो’ हा प्रवचनाचा, उपदेशपर वक्तृत्वाचा वाङ्मयप्रकारही झाला. बल्गेरियनमधील ‘भाषण’ हा अर्थ या परंपरेचा वारस होय.

‘अक्षर’ हा अर्थ समजण्यासाठी वर्णमालेकडे पाहावे लागते. जुन्या स्लाव वर्णमालेत प्रत्येक वर्णाला सार्थ नाव होते. ‘ग’ म्हणजे ‘ग्लागोल’ (वचन), ‘र’ म्हणजे ‘र्त्सी’ (बोल), ‘स’ म्हणजे ‘स्लोवो’, ‘त’ म्हणजे ‘त्व्येर्दो’ (ठामपणे). शेवटची तीन लागोपाठ येतात, आणि ती सलग वाचून ‘शब्द ठामपणे उच्चार’ असा अर्थ परंपरेने लावला जातो. जेथे मुलाला पहिल्या दिवशी भेटणाऱ्या अक्षराचेच नाव ‘शब्द’ होते, तेथे ‘शब्द’ या शब्दाने अक्षर सुचविणे अवघड नव्हते. बोलल्या जाणाऱ्या शब्दासाठी ‘रियेच’ हाताशी असल्याने दक्षिणेकडे ‘स्लोवो’ लिहिण्याच्या बाजूला सरकला. मात्र तेथील जुन्या वाङ्मयात तो वचनाच्या अर्थानेही होता : सर्बियाचा अधिपती स्तेफान लाझारेविच याने १५ व्या शतकाच्या आरंभी लिहिलेली ‘स्लोवो ल्युब्वे’ ही रचना म्हणजे ‘प्रेमाचे वचन’, ‘प्रेमाचे अक्षर’ नव्हे.

स्लोवेनीतही हा शब्द मुळात ‘शब्द’च होता. इ.स. १००० च्या सुमाराची, रोमन लिपीत लिहिलेली ‘फ्रायझिंग हस्तलिखिते’ हा स्लाव भाषेचा रोमन लिपीतील सर्वांत जुना सलग लेख. त्याच्या आरंभीच ‘स्लोवेसा’ हे रूप ‘शब्द’ या अर्थाने येते. पण युरी दाल्मातिन याने १५८४ मध्ये छापलेल्या संपूर्ण बायबलमध्ये ‘लोगोस’साठी ‘बेसेदा’ आहे. म्हणजे पाचशे-सहाशे वर्षांत सत्तांतर पूर्ण झाले होते. ज्या ‘स्लोवो’ने इतर स्लावांकडे देवाचे नाव धारण केले, तो येथे उंबरठ्यावरच्या दोन वाक्यांपुरता उरला.

जुन्या घरमालकाच्या खुणा मात्र एका ठिकाणी हमखास सापडतात : शब्दकोशाच्या मुखपृष्ठावर. स्लोवेनीत शब्द ‘बेसेदा’, पण शब्दकोश ‘स्लोवार’. बल्गेरियनमध्ये शब्द ‘दूमा’ आणि मॅसेडोनियनमध्ये ‘झ्बोर’, पण कोश दोन्हींकडे ‘रेचनिक’. वूक कराजिच याने १८१८ मध्ये व्हिएन्नात आपला सर्बियन कोश छापला, त्याला ‘र्येचनिक’ म्हटले. तेथे तरी शब्द आणि कोश एका मुळाचे आहेत. अर्थांची यादी करणाऱ्या ग्रंथाचे नावच गेलेल्या अर्थाचा पुरावा व्हावे, हे विलक्षण आहे.

५

हे भेद जाणवत असूनही एका सामाईक स्लाव वाणीचे स्वप्न पुन्हा पुन्हा पाहिले गेले. युराय क्रिझानिच हा क्रोएशियन धर्मोपदेशक १७ व्या शतकात मॉस्कोला गेला. १६६१ मध्ये त्याला सैबेरियातील तोबोल्स्कला हद्दपार करण्यात आले, आणि तेथे त्याने सर्व स्लावांना कळेल अशा मिश्र भाषेचे व्याकरण लिहिले. १८३६-३७ मध्ये यान कोलार या स्लोवाक कवीने स्लाव साहित्यांच्या परस्परसंबंधाचा प्रबंध मांडला. रशियन, पोलिश, चेकोस्लोवाक आणि इलिरियन या एकाच भाषेच्या चार मुख्य बोली असून प्रत्येक सुशिक्षिताने चारही वाचाव्यात, अशी त्याची अपेक्षा होती. ही अपेक्षा उदार होती. तिच्यात गृहीत धरलेली गोष्ट मात्र तपासली गेली नाही : शब्द एक असला की अर्थ एक असतो.

१९२८ साली केसलर आणि देरोकिन्यी या दोघा फ्रेंच लेखकांनी अशा शब्दांना ‘फसवे मित्र’ म्हटले आणि ती संज्ञा रूढ झाली. मला ती पटत नाही. हे शब्द कोणाला फसवीत नाहीत. ते वेगळ्या चुली मांडलेले भाऊबंद आहेत. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा इतिहास प्रामाणिकपणे जगलेला आहे. फसवणूक होते ती त्यांना अजून एकत्र कुटुंबात धरणाऱ्या वाचकाची. सोस्यूरने १९१६ च्या मरणोत्तर ग्रंथात म्हटल्याप्रमाणे शब्दाचे मूल्य शेजारच्या शब्दांनी ठरते; आणि शेजार प्रत्येक भाषेत वेगळा असतो.

६

आता रशियनकडे परत येऊ. तेथे ‘स्लोवो’ने आपले जुने अर्थ टाकून दिले नाहीत, ते एकावर एक साठत गेले. कोशातला शब्द, बोललेले वचन, दिलेले वचन, ख्रिस्ती तत्त्वज्ञानातील आदितत्त्व, आणि वक्तृत्वाचा प्रकार हे सगळे त्या एकाच नावाखाली आहेत. ११ व्या शतकाच्या मध्यास कीव्हचा धर्मप्रमुख इलारिओन याने नियम आणि कृपा यांविषयी केलेले प्रवचन हे ‘स्लोवो’च, आणि १८०० मध्ये प्रथम छापली गेलेली, जिचे हस्तलिखित १८१२ च्या मॉस्कोच्या आगीत नष्ट झाले, ती ईगॉरच्या स्वारीची कथाही ‘स्लोवो’च. नाबोकोव्हने १९६० मध्ये तिचे इंग्रजी रूपांतर करताना शीर्षकात ‘गीत’ असे म्हटले. ती रचना स्वतःला कुठे गीत म्हणते, कुठे आख्यान म्हणते. शीर्षकातला ‘स्लोवो’ दोहोंना सामावून घेतो.

या साठ्यावरच रशियन आधुनिकतावाद उभा राहिला. क्रुचोनिख आणि ख्लेब्निकोव्ह यांनी १९१३ मध्ये ‘स्वयमेव शब्द’ असा जाहीरनामा काढला. १९१४ मध्ये श्क्लोव्हस्कीने ‘शब्दाचे पुनरुत्थान’ ही पुस्तिका लिहिली. शीर्षकातला धार्मिक ध्वनी रशियन वाचकाला आपोआप ऐकू येतो. रूपवाद्यांना शब्दाची सवयीने बोथटलेली काया पुन्हा जाणवून द्यायची होती. प्राग भाषाशास्त्रमंडळाने १९३५ मध्ये काढलेल्या नियतकालिकाचे नाव ‘स्लोवो आ स्लोवेस्नोस्त’. मराठीत ते ‘शब्द आणि वाङ्मय’ असे सहज होईल, कारण ‘वाङ्मय’ आणि ‘स्लोवेस्नोस्त’ दोन्ही वाणीपासून घडले आहेत.

बाख्तिनने रूपवाद्यांची वाट धरली नाही. त्याच्या मते शब्दाला स्वयमेव अस्तित्व नाही. तो नेहमी कोणाच्या तरी तोंडून येतो, दुसऱ्याच्या हेतूंनी आधीच भरलेला असतो, आणि उत्तराच्या अपेक्षेने बोलला जातो. कादंबरी म्हणजे अशा ‘परक्या शब्दां’ची वसाहत. १९२८ च्या अखेरीस अटक झालेला, कझाकस्तानातील कुस्तानाय येथे हद्दपारीत दिवस काढणारा माणूस हे लिहीत होता, आणि तेही एकच शब्द अधिकृत ठरविला जात असण्याच्या काळात. त्याच्या ‘स्लोवो’ला बोलणारा आहे आणि ऐकणाराही आहे. ‘चर्चाविश्व’ या संज्ञेला दोन्ही नाहीत. ती फूकोच्या विचाराची छाया घेऊन येते, आणि तेथे ज्ञान व सत्ता यांची व्यवस्था बोलते, माणूस नव्हे. ती संज्ञा वाईट आहे असे नाही. ती दुसऱ्याची आहे. तिच्यामुळे मी वर्षानुवर्षे बाख्तिनच्या तोंडी फूकोचा शब्द घालीत होतो.

शब्दाला बोलणारा असतो, हे सत्तेलाही ठाऊक असते. खार्किव्ह शहरात १९२० च्या दशकाच्या अखेरीस युक्रेनियन लेखकांसाठी ६६ सदनिकांची एक इमारत बांधली गेली. तिचे नाव ‘स्लोवो’. आणि वरून पाहिले असता तिचा आराखडा सिरिलिक ‘स’चा, म्हणजे ज्याचे जुने नाव ‘स्लोवो’ आहे त्याच अक्षराचा. शब्द आणि अक्षर येथे विटांमध्ये एकत्र आले होते. १९३३ च्या मे महिन्यात मिकोला ख्विलोव्ही याने याच घरात स्वतःवर गोळी झाडून घेतली. तेथे राहणाऱ्या अनेकांना अटका झाल्या. नाटककार मिकोला कुलिश आणि दिग्दर्शक लेस कुर्बास यांना नोव्हेंबर १९३७ मध्ये सांदारमोख येथे गोळ्या घालण्यात आल्या. २०२२ च्या मार्चमध्ये रशियन तोफगोळ्यांनी या इमारतीचे नुकसान झाले. रशियन आणि युक्रेनियन भाषांत ‘स्लोवो’चा अर्थ अगदी एकच आहे. तेव्हा अर्थ एक असणे म्हणजे एकमेकांना समजून घेणे, असेही म्हणता येत नाही.

प्रागमध्ये २७ जून १९६८ रोजी लुद्विक वात्सुलिक याने लिहिलेला ‘दोन हजार शब्द’ हा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये रणगाडे आले, आणि त्यांच्या येण्याला ‘बंधुत्वाचे साहाय्य’ असे नाव देण्यात आले. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये वाच्लाव हावेल याला फ्रँकफुर्टला जर्मन पुस्तकविक्रेत्यांचा शांतता पुरस्कार देण्यात आला. तो स्वतः जाऊ शकला नाही, त्याचे भाषण तेथे वाचले गेले. शीर्षक होते ‘स्लोवो ओ स्लोवू’. त्यातला पहिला ‘स्लोवो’ हा भाषणाचा जुना प्रकार आहे आणि दुसरा नुसता शब्द : ‘शब्दाविषयीचे दोन शब्द’. एकच शब्द एका काळी मुक्त करतो आणि दुसऱ्या काळी ठेचतो, तेव्हा शब्दांकडे संशयाने पाहणे हे कर्तव्य आहे, असे त्याचे सांगणे होते.

७

आपल्यालाही असे भाऊबंद आहेत. हिंदीतील शिक्षा मराठीत दंड होते. बंगालीतला प्रयत्न, ‘चेष्टा’, मराठीत थट्टा होते. हिंदीत कादंबरी असलेला ‘उपन्यास’ तेलुगू-कन्नडमध्ये व्याख्यान असतो. आणि कन्नडमधला ‘संभ्रम’ हा उत्सवाचा उल्हास असतो. तरीही पारिभाषिक संज्ञा घडविताना, तत्सम शब्द घेतला की तो सर्व भारतीय भाषांना सामाईक झाला, असे आपण मानतो. कोलारच्या अपेक्षेत आणि या समजुतीत मला फारसा फरक दिसत नाही. संज्ञा सामाईक करता येते. तिचा शेजार सामाईक करता येत नाही.

मग बाख्तिनच्या ‘स्लोवो’साठी मराठीत काय म्हणावे? ‘वचन’ हा शब्द मोह पाडतो. त्यात उक्ती आहे, प्रतिज्ञा आहे, आणि बसवण्णांच्या परंपरेत तो वाङ्मयप्रकारही आहे. पण मराठीत त्याला आज्ञेचा आणि पावित्र्याचा वास येतो, आणि बाख्तिनला तर बाजारातला, वादातला, उपहासातला शब्द हवा आहे. ‘बोल’ जवळचा आहे. पण ‘बोल लावणे’ आणि तबल्याचे बोल त्याला आपापल्या बाजूला ओढतात.

माझे मत आता असे झाले आहे, की सरळ ‘शब्द’च म्हणावे. व्याकरणात शब्द हा सुटा घटक असेल. पण मराठी माणसाच्या बोलण्यात तो कधीच सुटा नसतो. आपण शब्द देतो, शब्द टाकतो, शब्द राखतो, कोणाच्या शब्दाबाहेर जात नाही. एका शब्दाने दुसरा वाढतो आणि भांडण होते. यातल्या प्रत्येक वाक्प्रचारात दुसरा माणूस उभा आहे. जो सिद्धान्त सांगण्यासाठी बाख्तिनला इतकी पाने लिहावी लागली, त्याची अर्धी पायवाट आपल्या वाक्प्रचारांनी आधीच मळलेली आहे. आपण मात्र तिला बगल देऊन इंग्रजीच्या हमरस्त्याने ‘चर्चाविश्वा’त गेलो.

यंदा वर्गात मी फळ्यावर ‘कादंबरीतील शब्द’ असे लिहिले. एक विद्यार्थी म्हणाला, “एवढेच? हे तर फारच साधे वाटते.” त्याला ‘श्रवस्’पासून ‘निरोपा’पर्यंतची ही हकिकत सांगितली. तास संपला तेव्हा शब्द तितकासा साधा राहिला नव्हता.